शुक्रवारची पिवळी व्हॅन

अशी कल्पना करा, की तुमच्यासमोर एक कोरा कागद आहे आणि हातात पेन्सिल. नावं सोळा आहेत, कागदावर जागा अकरा. ही सोळा माणसं अनोळखी असती तर काम पाच मिनिटांचं होतं. पण यातल्या एकाने गेल्या उन्हाळ्यात तुमचं छप्पर दुरुस्त केलंय. दुसऱ्याची आई तुमच्या बायकोशेजारी उभी राहून चर्चमध्ये गाते. तिसऱ्याने पकडलेला खेकडा परवा तुमच्याच ताटात होता. अकरा नावं लिहून झाली, की उरलेल्यांना ते कोणीतरी सांगायला हवं. तो कोणीतरी म्हणजे तुम्ही. आता लिहा. आणि लिहून झालं, की सांगा.

डॉडी फ्लेट हे काम नऊ वर्षं करत होता. पोर्टकर्नी रोव्हर्स या फुटबॉल संघाचा तो मॅनेजर. मॅनेजर म्हणजे शनिवारचा. सोमवार ते शुक्रवार तो लोकांच्या घरातले, घर गरम ठेवणारे बॉयलर दुरुस्त करायचा. खेळाडूही तसेच, कोणी कोळी, कोणी सुतार, एक जण पोस्टात. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सराव, शनिवारी तीन वाजता सामना, आणि रविवारी गावातल्या प्रत्येक माणसाचं त्या सामन्याबद्दल मत.

तो स्वतः एके काळी बरा खेळायचा. सोळाव्या वर्षी ग्लासगोच्या एका मोठ्या क्लबने त्याला उचललं होतं. दोन वर्षं तिथल्या राखीव संघात काढून तो परत आला. "का रे आलास?" असं कोणी विचारलं तर म्हणायचा, "तिथे समुद्राचा वास येत नाही." खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. मोठ्या क्लबला हवा तेवढा तो वेगवान नव्हता. पण पोर्टकर्नीला पुरेसा होता. डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून तो रोव्हर्सकडून चौदा मोसम खेळला, आणि त्यातला एकच सामना त्याच्या डोक्यातून कधी गेला नाही. तो सामना तो खेळलाच नव्हता.

एकोणऐंशीचा जानेवारी. कपच्या सोडतीत ग्लासगोचा एक बडा संघ चक्क पोर्टकर्नीत खेळायला येणार होता. आधीच्या सगळ्या फेऱ्या डॉडी खेळला होता. त्याच्या वडिलांनी मासळी बाजारातून सुट्टी घेतली, लांबून दोन चुलतभावांना बोलावून घेतलं. तेव्हा मॅनेजर होते मिस्टर मेअर, शाळेत गणित शिकवणारे. दक्षिणेकडून आलेले, डोक्यावर कायम हॅट. शनिवारी दीड वाजता स्टँडखालच्या लाकडी फळीवर ते यादी टाचायचे आणि मागे वळून न बघता निघून जायचे. ज्याला बघायची त्याने बघावी.

डॉडीने ती यादी तीन वेळा वाचली. अकरात नाव नाही. राखीव दोघांतही नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, डॉडी कुठाय यात?" आणि मग त्याला तिथेच बघून गप्प झालं. डॉडी वळला तर समोर दोरीपलीकडे वडील आणि दोन्ही चुलतभाऊ, नव्या टोप्या घालून उभे. ते हात हलवत होते.

रोव्हर्स तीन गोलांनी हरले. त्यातला एकही डाव्या बाजूने झाला नाही, हेही डॉडीच्या मनात रुतून बसलं.

त्या संध्याकाळी घरात कोणी बोलेना. आईने मासे-बटाट्याचं सूप वाढलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "काल दुपारी कोणीतरी दार वाजवलं बरं का. समोरचं! माझे हात माशांनी भरलेले, अंगावर तो मळका ॲप्रन. म्हटलं पाद्रीबाबा असतील, अशा अवतारात कुठे उघडू? गेले मग."

"हं," वडील म्हणाले. पोर्टकर्नीत सगळे मागच्या दाराने येतात, तेही न वाजवता. समोरचं दार वाजवतात ते तिघंच: पाद्री, पोलीस आणि डॉक्टर. त्या दिवशी त्या घरात कोणालाच पाद्रीबाबांशी देणंघेणं नव्हतं.

डॉडी सूप ढवळत बसला आणि त्याने मनाशी एक गोष्ट ठरवली. कधीकाळी आपण मॅनेजर झालोच, तर एकाही माणसाला फळीवर वाचून कळणार नाही. आपण त्याच्या घरी जायचं, त्याच्या टेबलाशी बसायचं आणि त्याच्या डोळ्यांत बघून सांगायचं.

दहा वर्षांनी तो मॅनेजर झाला, आणि पहिल्याच शुक्रवारपासून त्याने तसं केलं. संध्याकाळी पाचनंतर त्याची पिवळी व्हॅन निघायची. 'फ्लेट हीटिंग' असं दोन्ही बाजूंना लिहिलेली. ज्याला वगळलंय त्याच्या घरामागे उभी करायची, मागच्या दाराने आत जायचं, चहा घ्यायचा, सांगायचं, आणि तो माणूस पुरता चिडून पुन्हा शांत होईपर्यंत बसून राहायचं. चांगली कल्पना होती. कागदावर तर उत्तमच.

पण पोर्टकर्नीत गल्ल्या अरुंद आणि खिडक्या फार. आणि पिवळी व्हॅन गावात एकच. तीन आठवडे गेले नाहीत तोच सगळ्यांनी ताळा जुळवला. शुक्रवारी व्हॅन ज्याच्या घरामागे, त्याचा शनिवार गेला. पूर्वी वाईट बातमी शनिवारी दीडला निदान फळीजवळच्या वीस जणांना कळायची. आता शुक्रवारी साडेपाचला ती सगळ्या गावाला कळायची, आणि खेळाडूला कळायची सगळ्यात शेवटी, कारण तो अजून कामावरून यायचा असायचा. बेकरीत पाव घ्यायला गेलेल्या बायकोला बाकीच्या बायका सांगायच्या, "ये गं पुढे, तू आधी घे. घरी पाहुणा आलाय ना तुझ्या."

डॉडीच्या हे ध्यानातच आलं नाही. बायको, नेटा, एकदा बोललीही. "अरे, व्हॅन लांब लाव आणि चालत जा."

"का? मी काय चोर आहे?"

"चोर बरा. तो तरी कोणाला दिसत नाही."

मग गोलकीपरचं प्रकरण झालं. गोलकीपर होता गॅव्हिन स्लेटर, बंदरातल्या बर्फाच्या कारखान्यात कामाला. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी त्याच्या आईचा बॉयलर बंद पडला. बिचारीने डॉडीला फोन केला. डॉडीने व्हॅन घरामागे लावली, पंप उघडला, दीड तास खटपट केली. गॅव्हिनला वगळायचं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. पण बंदरात गॅव्हिनला कोणीतरी म्हणालं, "तुझ्याकडे तासभर झाला उभी आहे बाबा. एवढा वेळ म्हणजे नुसतं उद्यापुरतं नाही, कायमचं दिसतंय." गॅव्हिन घरी गेलाच नाही. तो सरळ पबमध्ये गेला आणि आठ ग्लास बिअर प्यायला. शनिवारी त्याला एका चेंडूच्या जागी दोन दिसत होते आणि तो दोन्ही सोडत होता. मध्यंतरात डॉडीने त्याला बाहेर काढलं.

"मला कालच कळलं होतं," गॅव्हिन डोकं धरून म्हणाला.

"काय कळलं होतं?"

"हेच. की मला काढलंय."

"गाढवा, मी तुझ्या आईचा पंप बदलत होतो!"

त्यानंतर डॉडीने नियम केला, की शुक्रवारी खेळाडूंच्या घरचा बॉयलर दुरुस्त करायचा नाही. त्या हिवाळ्यात दोन कुटुंबं शुक्रवारची रात्र कोट घालून झोपली, आणि खुशीत झोपली. थंडी सोसता येते, व्हॅन नाही.

एवढं होऊनही घरी जाऊन सांगायचं त्याने सोडलं नाही. गावानेही हळूहळू ते मान्य केलं. डॉडी चुकतो, पण पाठीमागून वार करत नाही, असं लोक म्हणू लागले. घरी येऊन सांगितल्याशिवाय डॉडी कोणाला काढत नाही, हे पोर्टकर्नीत भरती-ओहोटीच्या वेळेइतकं पक्कं झालं.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात हा पक्केपणाच त्याच्या पायात आला.

मोसमाचा शेवटचा सामना उरला होता. जिंकला तर एक्केचाळीस वर्षांनी रोव्हर्स लीगचे विजेते. आणि डॉडीला त्याचा कर्णधार वगळायचा होता.

कॅलम काउई, वय चौतीस. मध्यभागाचा बचावपटू, खेकडे आणि शेवंड धरणारा. अकरा मोसम तो कर्णधार होता. डॉडीने खेळणं सोडलं तेव्हा आपल्या हाताने दंडावरची कर्णधाराची पट्टी काढून याच्याच दंडाला बांधली होती. पण हिवाळ्यापासून कॅलमचा उजवा गुडघा गेला होता. सरळ धावताना काही दिसायचं नाही. वळताना दिसायचं. पंपाचं बेअरिंग झिजलं, की बटण दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग पंप सुरू होतो, तसं. तो एक क्षण डॉडी तीन महिने बघत होता. आणि शनिवारी समोर जो संघ येणार होता, त्यांचा आघाडीचा खेळाडू नेमका त्या एका क्षणावर जगणारा होता.

शुक्रवारी पाच वाजता डॉडी कॅलमच्या मागच्या दाराने आत गेला. कॅलमची बायको रोना बटाटे सोलत होती. तिने वर पाहिलं नाही.

"तो समुद्रावर गेलाय."

"या वाऱ्यात?"

"या वाऱ्यात."

"कधी येणार?"

रोनाने सुरी खाली ठेवली. "डॉडी, तू का आलायस ते मला माहितीये. तो का गेलाय तेही तुला माहितीये. चहा घेणार की जाणार?"

तो गेला, बंदरावर. धक्क्यावर दोघं-तिघं म्हातारे जाळी विणायचं सोंग करत बसले होते. एक जण म्हणाला, "काय डॉडी, आता व्हॅनला वल्ही लावणार का?" बाकीचे हसले. डॉडी दिवस मावळेपर्यंत थांबला, आणि मे महिन्यात तिथे दिवस मावळता मावळत नाही. बोट आली नाही. कॅलमने ती पलीकडच्या बंदरात लावली होती आणि तो तिथेच मेव्हण्याकडे राहिला होता. शनिवारी सकाळी डॉडी पुन्हा गेला. मागचं दार उघडं, घरात चिटपाखरू नाही.

दोन वाजता तो कपडे बदलायच्या खोलीत शिरला, तर पाच नंबरच्या खुंटीखाली कॅलम बसलेला. जर्सी घातलेली, पट्टी बांधलेली, बुटांच्या नाड्या आवळून बांधलेल्या. सव्वादोनला यादी पंचांना द्यायची होती.

"कॅलम, जरा बॉयलरच्या खोलीत ये."

"इथेच बोल ना, बॉस. आपल्यात काय चोरून बोलायचं?"

खोलीत बुटांचे खिळे वाजत होते, तेही थांबले.

"मी काल आलो होतो तुझ्याकडे," डॉडी म्हणाला.

"असं? मी नव्हतो."

"आज सकाळीही आलो होतो."

"सकाळीही नव्हतो." कॅलम हसला, पण फक्त ओठांनी. "म्हणजे तू मला काही सांगितलेलं नाहीस. घरी येऊन सांगितल्याशिवाय तू कोणाला काढत नाहीस, बॉस. लहान मुलालाही माहितीये गावात."

गॅव्हिन स्लेटर आपल्या हातमोज्यांकडे बघत होता. पोस्टातला फिनले भिंतीकडे. डॉडीच्या खिशात घडी घातलेला कागद होता. त्यावर पाच नंबरपुढे दुसरं नाव लिहिलेलं होतं. खोडायला पेन्सिलीचा एक फटकारा पुरला असता. शब्द पाळला असता, मित्र राहिला असता. आणि बाकीच्या दहा जणांनी वर्षभर पावसात केलेलं सगळं त्या एका गुडघ्यावर ठेवावं लागलं असतं.

"कॅलम," तो म्हणाला, "तू आज खेळणार नाहीस."

सगळ्यांसमोर. फळीवर वाचण्यापेक्षाही वाईट. फळी निदान तोंडावर बोलत नाही.

कॅलम नाड्या सोडायला वाकला. उजवा गुडघा नीट वाकेना, म्हणून पाय बाकावर घेऊन त्याने नाडी सोडली. त्याला वेळ लागला. तेवढा वेळ सगळ्यांनी तो गुडघा पाहिला. मग त्याने दंडावरची पट्टी काढून बाकावर ठेवली आणि मोज्यांवरच बूट हातात घेऊन निघून गेला.

रोव्हर्स दोन-एक जिंकले. माणसं मैदानात घुसली, स्लेटरबाईंनी पंचांचा मुका घेतला, बंदरातल्या सगळ्या बोटींनी भोंगे वाजवले. एका बोटीचा भोंगा वाजला नाही. गर्दीत तेवढी एक शांतता डॉडीला ऐकू येत होती. नेटा म्हणाली, "आज तरी हस रे." तो हसला. फोटोत तो हसताना दिसतो.

रविवारी सकाळी अकराला त्यांचं समोरचं दार वाजलं.

"पाद्रीबाबा आले," नेटा म्हणाली. "तू चर्चला नव्हतास. जा, तूच उघड."

दारात कॅलम होता. स्वच्छ दाढी केलेला, लग्नाकार्यातला कोट घातलेला. त्याची गाडी बरोबर समोर उभी होती आणि समोरच्या तीन घरांचे पडदे हलत होते. कोपऱ्यावरून कोणीतरी ओरडलं, "काय कॅलम, आज बॉसलाच काढलंस वाटतं!"

"पुढून का आलास?" डॉडीने विचारलं.

"मागून आलो असतो तर नेहमीसारखा आलो असं झालं असतं," कॅलम म्हणाला. "मी नेहमीसारखा आलेलो नाही."

नेटाने चहा ठेवला आणि ती आपणहून बागेत गेली. दोघं टेबलाशी बसले.

"तू जे केलंस ते मी विसरणार नाही," कॅलम म्हणाला. "सांगून ठेवतो."

"विसरू नकोस."

"पण एक आहे. शुक्रवारी तू सांगितलं असतंस तर चार शिव्या घालून मी गप्प झालो असतो. माझ्या स्वयंपाकघरात. सगळ्यांसमोर जे झालं ते मी ओढवून घेतलं. मला वाटलं, याला भेटलोच नाही तर हा काय करेल?" त्याने कप फिरवला. "बोटीवर बसून मी धक्क्यावरची तुझी व्हॅन बघत होतो, डॉडी. लांबून. पिवळी दिसते ती लांबूनसुद्धा."

डॉडीची नजर समोरच्या दाराकडे गेली. नेटा काय म्हणाली होती? पाद्रीबाबा आले.

एकोणऐंशीची ती गोष्ट डॉडीने आयुष्यात शंभर वेळा सांगितली असेल. फळी, तीन वेळा वाचलेली यादी, नव्या टोप्या. पण त्या गोष्टीतून तो एक तुकडा कायम गाळायचा. इतकी वर्षं गाळला, की तो आपणच गाळलाय हेही तो विसरला होता.

"कॅलम," तो हळूच म्हणाला, "त्या सामन्याच्या आधी, गुरुवारच्या सरावात, माझ्या मांडीत चमक भरली होती. चांगलीच. मी कोणाला बोललो नाही. अंघोळ न करता मागच्या फाटकाने सटकलो. शुक्रवारी पहाटे मामाच्या गावी गेलो. कोणी पाय बघू नये म्हणून. शनिवारी थेट मैदानावर आलो."

कॅलम एकदम मोठ्याने हसला. या खेपेला डोळ्यांनीही. "म्हणजे तूही बोट काढलीस!"

"हो. मीही."

"आणि वीस वर्षं आम्हाला ती फळी ऐकवतोयस!"

डॉडीला हसू आलं नाही. तो मोजत होता. शुक्रवारची दुपार. आईचे माशांनी भरलेले हात. समोरचं दार. पाद्रीबाबांनी नंतर कधी विषय काढला नव्हता, की मी आलो होतो आणि दार उघडलं नाही. पोर्टकर्नीत मागच्या दाराने न येणारा आणखी एकच माणूस होता. पंचवीस वर्षं गावात राहून जो बाहेरचाच राहिला, ज्याला मागचं दार कोणी दाखवलंच नाही. हॅट काढून, समोरच्या दाराशी उभा राहणारा.

मिस्टर मेअर दहा वर्षांपूर्वी वारले होते. आई त्याच्याही आधी. मिसेस मेअर होत्या. शाळेमागच्या घरात एकट्या राहायच्या. दर ऑक्टोबरला डॉडी त्यांचा बॉयलर तपासून द्यायचा. नऊ वर्षं जात होता, तेव्हा स्वतःशी म्हणायचा, की बघ, माझ्या मनात काही डूख नाही. झाकण उघडायचं, काजळी पुसायची, चहा घ्यायचा, हवेबद्दल बोलायचं. मिस्टर मेअर यांचं नाव दोघंही काढायचे नाहीत.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तो गेला तेव्हा व्हॅन नेहमीच्या जागी लावून तो मागच्या दाराकडे वळलाच नाही. हत्यारांची पेटी घेऊन पुढे गेला आणि समोरचं दार वाजवलं.

बऱ्याच वेळाने कडी सरकली. मिसेस मेअर, ऐंशीच्या पुढच्या, चष्मा कपाळावर चढवलेला, घाबरलेल्या चेहऱ्याने उभ्या होत्या.

"डॉडी? तू पुढून? कोण गेलं रे?"

"कोणी नाही गेलं, मिसेस मेअर. बॉयलरचंच काम आहे."

"मग असं काय भिववतोस म्हातारीला! ये आत."

पॅसेजमध्ये खुंटीवर ती हॅट अजून होती. डॉडीने पेटी खाली ठेवली, पण उघडली नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्याला हातांचं काय करायचं ते कळेना. दुपारी साडेतीनचा सुमार. शाळा सुटून मास्तर घरी परततात तीच वेळ.

"मिसेस मेअर," तो म्हणाला, "एकोणऐंशीच्या जानेवारीत, त्या कपच्या सामन्याच्या आदल्या दिवशी, मिस्टर मेअर शाळेतून सरळ घरी आले होते, की वाटेत कोणाच्या दारी थांबले होते?"